माल आधी, पैसे मागाहून : जर्मन बीजकाचा इतिहास

#धागा #अर्थेतिहास

बर्लिनमधल्या एखाद्या विद्यार्थिनीने ऑनलाइन दुकानातून बुटांचे तीन जोड मागवले, तर पैसे देण्याच्या पानावर कार्ड, पेपाल वगैरेंच्या जोडीला तिला आणखी एक पर्याय दिसतो : 'आउफ रेश्नुंग', म्हणजे बिलावर. तो निवडला की त्या क्षणी तिच्या खिशातून छदामही जात नाही. बूट घरी येतात, मागोमाग बीजक येते. ती तिन्ही जोड घालून पाहते, दोन परत धाडते आणि उरलेल्या एकाचे पैसे चौदा किंवा तीस दिवसांच्या आत बँकेतून पाठवून देते.

'आज रोख, उद्या उधार' ही पाटी दुकानादुकानांत वाचत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना प्रश्न पडतो : ज्या गिऱ्हाइकाचे तोंडही पाहिलेले नाही, त्याच्या हाती माल सोपवून हा दुकानदार स्वस्थ झोपतो कसा? प्रस्तुत धागा म्हणजे त्या झोपेचा इतिहास. लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी एक भेद स्पष्ट करून घेऊ. दूरवरून खरेदी करण्याच्या तऱ्हा तीनच : पैसे आधी, पैसे दारात, पैसे नंतर. यातली दुसरी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. भारतीय टपाल खात्याने १८७७ साली 'व्हॅल्यू पेएबल' पद्धत सुरू केली आणि मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी पुस्तके 'व्ही.पी.ने' मागवली. पोस्टमनच्या हातावर रक्कम ठेवायची, मग पुडके ताब्यात. विक्रेत्याला सरकारी टपालाचा जामीन मिळाला, पण ग्राहकाला पुडके फोडण्याआधीच पैसे मोजावे लागले. आत काय निघेल ते त्याचे नशीब. उलट त्याने पुडके नाकारले, तर जाण्यायेण्याचा टपालखर्च विक्रेत्याच्या अंगावर. आजची 'कॅश ऑन डिलिव्हरी' ही या व्ही.पी.चीच नात.

बीजकाच्या पद्धतीत हा तोल पुरता एका बाजूला कलतो. माल गेला, पोस्टमन गेला आणि विक्रेत्याच्या हाती उरला एक कागद : अमुक रक्कम, अमुक खाते, अमुक तारीख. मधल्या दोन-चार आठवड्यांत विक्रेता हा ग्राहकाचा सावकार असतो, तोही बिनव्याजी.

ही सवलत देणे कायद्याने त्याच्यावर बंधनकारक नाही. १ जानेवारी १९०० रोजी अमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेचे कलम २७१ सांगते की मुदत ठरलेली नसेल तर धनको तत्काळ मागणी करू शकतो. कलम ३२० सांगते की समोरच्याने आपली बाजू पुरी करेपर्यंत आपणही आपली रोखून धरू शकतो. 'या हाताने दे, त्या हाताने घे' हा कायद्याचा मूळ स्वभाव आहे. बीजक ही व्यापाऱ्याने आपणहून दिलेली मुभा. आणि व्यापारी मुभा देतो तेव्हा तिच्यामागे हिशेब असतो. तो हिशेब दर पिढीत कुणी आणि कशाच्या आधारावर मांडला, हे पाहणे मला सर्वांत उद्बोधक वाटते.

टपालविक्रीच्या आधीही जर्मनीत उधारी होतीच. तिला 'आन्श्राइबन' म्हणत, शब्दशः 'लिहून ठेवणे'. गल्लीतला दुकानदार पीठ, साखर, कोळसा देई आणि वहीत मांडून ठेवी. पगाराच्या दिवशी चुकते करायचे. आपल्या वाण्याच्या वहीहून हे तसूभरही निराळे नाही. येथे पत म्हणजे ओळख. घरधनी कुठे कामाला आहे, पगार कधी होतो, मागचे किती राहिले आहे, हे सारे दुकानदाराला तोंडपाठ असे. देणे थकले की त्या दुकानासमोरून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरावी लागे. ती लाज हेच तारण होते.

टपालाने विक्री सुरू झाली आणि हे तारण नाहीसे झाले. लाइपझिगच्या माय अँड एडलिश या कागदी कॉलर बनवणाऱ्या पेढीने १८८६ साली सचित्र सूचीपत्र काढले. जर्मनीतल्या पहिल्या सूचीपत्राचा मान सहसा त्यालाच दिला जातो. आता बव्हेरियातल्या खेड्यातला माणूस लाइपझिगहून कपडे मागवू शकत होता. पण लाइपझिगच्या पेढीला त्याची काय माहिती? तेव्हा ओळख नाही तर उधारही नाही. पैसे आगाऊ पाठवा, नाहीतर 'नाखनामे'ने मागवा, म्हणजे त्यांच्याकडच्या व्ही.पी.ने.

पुढचा महत्त्वाचा टप्पा १९२७. त्या वर्षी दोन संस्था जन्मल्या. बव्हेरियातल्या फ्युर्थ गावी गुस्टाफ शिकेडांझने 'क्वेले' ही टपालविक्रीची पेढी काढली, आणि बर्लिनमध्ये 'शूफा' स्थापन झाली. दोन्हींचा परस्परांशी तेव्हा काही संबंध नव्हता. परंतु क्वेलेने ज्या धंद्याचा विस्तार केला, तो पुढे शूफासारख्या नोंदवहीवाचून चालण्याजोगा राहिला नाही.

शूफाचा उगम मोठा मनोरंजक आहे. बर्लिनच्या 'बेवाग' या वीजकंपनीला वीज खपवायची होती. त्यासाठी लोकांच्या घरी विजेची उपकरणे हवीत आणि उपकरणे तर महाग. मग कंपनीने ती हप्त्यांवर घेण्याची सोय केली. हप्ता विजेच्या बिलाबरोबर वसूल करायचा. येथे कुणाच्या तरी ध्यानात आले की हप्ता कोण बुडवील, याचा अंदाज कंपनीच्या दप्तरात आधीच पडून आहे. विजेचे बिल जो नेमाने भरतो, तो इस्त्रीचा हप्ताही भरील.

हा विचार साधा दिसतो, पण त्यात फार मोठी उलथापालथ दडलेली आहे. वाण्याच्या वहीतली पत त्या वाण्यापुरती असते. एका दुकानात तोंड काळे झाले, तरी दुसऱ्या गल्लीत नवे खाते उघडता येते. शूफाने, म्हणजे 'विक्रीच्या अर्थपुरवठ्यासाठी संरक्षक संघा'ने, या वह्या एकत्र बांधायला सुरुवात केली. एका ठिकाणची थकबाकी आता सर्व ठिकाणी वाचता येणार होती. १९५२ मध्ये निरनिराळ्या प्रांतांतल्या शूफा एका संघात आल्या. आज तिच्या दप्तरी सुमारे ६ कोटी ८० लाख माणसांच्या नोंदी आहेत.

मध्ये एक प्रकरण येते, ते टाळून हा इतिहास सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. टपालविक्रीचा धंदा नावावर चालतो. दुकान दिसत नाही, मालक दिसत नाही. दिसते ते सूचीपत्रावरचे नाव. आणि १९३३ नंतरच्या जर्मनीत नाव बुडवण्याचे काम राज्यसत्तेनेच हाती घेतले होते.

कार्ल योएल नावाच्या ज्यू व्यापाऱ्याने १९२८ मध्ये न्यूर्नबर्गला कापडचोपड टपालाने विकण्याची पेढी काढली आणि ती भरभराटीस आणली. न्यूर्नबर्ग हे यूलियस श्ट्रायखरचे गाव. त्याच्या 'डेर श्ट्युर्मर' या विखारी पत्राने योएलला लक्ष्य केले. योएलने १९३४ मध्ये धंदा बर्लिनला हलवला. तिथेही तो सुटला नाही. १९३८ मध्ये त्याला पेढी विकणे भाग पाडण्यात आले. घेणारा होता योसेफ नेकरमान. याआधी वुर्झबुर्गमधले एका ज्यू मालकाचे मोठे दुकानही त्याने अशाच रीतीने घेतले होते.

ठरलेली किंमत सुमारे २३ लाख राइक्समार्क, तीही पेढीच्या खऱ्या मोलापेक्षा कितीतरी कमी. अटकेच्या भीतीने योएल पत्नीसह स्वित्झर्लंडला निसटला. रक्कम जर्मनीतल्या एका विश्वस्त खात्यात अडकली आणि योएलच्या हाती त्यातले काहीच पडले नाही. युद्धानंतर त्याने दावा लावला; १९५७ मध्ये २० लाख मार्कांवर तडजोड झाली. माल आधी, पैसे मागाहून. या व्यवहारात मधली मुदत एकोणीस वर्षांची होती. (योएल कुटुंब पुढे क्यूबामार्गे अमेरिकेत गेले. गायक बिली जोएल हा या कार्लचा नातू.)

नेकरमानने १९५० मध्ये फ्रांकफुर्टला स्वतःच्या नावाने टपालविक्री नव्याने सुरू केली आणि पश्चिम जर्मनीच्या आर्थिक चमत्काराचा तो एक लाडका चेहरा झाला. क्वेलेच्या शिकेडांझचा नाझी काळही निष्कलंक नव्हता. 'टेम्पो' हे कागदी रुमाल बनवणारा, रोझेनफेल्डर या ज्यू बंधूंचा कारखाना त्याच्या हाती आला तो याच काळात. युद्धोत्तर जर्मन घरांत जी सूचीपत्रे चवीने चाळली जात, त्यांच्या पाठच्या पानांवर हा जमाखर्च छापलेला नसे.

आता बीजकाकडे वळू. युद्ध संपल्यावर पूर्वेकडून हांबुर्गला आलेल्या निर्वासितांत वेर्नर ओट्टो होता. त्याने बुटांचा छोटा कारखाना काढला. जून १९४८ मध्ये चलन बदलले, बाजार खुला झाला, दक्षिणेकडच्या मुरब्बी कारखान्यांचे बूट येऊ लागले आणि त्याचा कारखाना बुडाला. अशात 'बाउर' या पेढीचे बुटांचे सूचीपत्र त्याच्या हाती पडले. बूट बनवता येत नसतील तर विकावे, असे म्हणून १७ ऑगस्ट १९४९ रोजी त्याने टपालविक्रीची नोंदणी केली. भांडवल ६,००० मार्क.

त्याचे पहिले सूचीपत्र १९५० चे : चौदा पाने, तीनशे प्रती, हाताने शिवलेल्या, बुटांची छायाचित्रे हाताने चिकटवलेली. एकूण २८ जोड. दिसायला शाळकरी हस्तलिखितासारखे. पण त्यात एक गोष्ट अशी होती जी मोठ्यांच्या सूचीपत्रांत सहसा नसे. ओट्टो माल 'नाखनामे'ने न पाठवता बीजकावर पाठवू लागला. आधी पाहा, घालून बघा, मग पैसे.

हे धाडस का? धंद्याचे कारण उघड आहे. बूट ही वस्तू घातल्याशिवाय कळत नाही, आणि अनोळखी नव्या पेढीला कुणी आगाऊ पैसे देत नाही. तीनशे प्रतींच्या दुकानदाराने 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हणण्यापेक्षा 'मी तुमच्यावर ठेवतो' म्हणणे अधिक शहाणपणाचे. मोठ्या पेढीपाशी नाव होते. ओट्टोपाशी ते नव्हते, म्हणून त्याने जोखीम उचलली.

मात्र काळही लक्षात घ्यावा. पूर्वेकडून हाकलून दिलेले किंवा पळून आलेले सुमारे ८० लाख जर्मन १९५० साली पश्चिम जर्मनीत राहत होते. ज्याच्या वहीत आपले खाते होते तो दुकानदार पोलंडमध्ये गेलेल्या एखाद्या गावात मागे राहिला होता. नव्या गावात ओळख नाही, म्हणजे पत नाही. अशा समाजात, जिथे शेजारीच परका होता, एका निर्वासिताने परक्यांना उधार देण्याचा धंदा मांडला. या योगायोगाला मी कार्यकारणभाव म्हणणार नाही, पण तो दुर्लक्ष करण्याजोगाही वाटत नाही.

तरीही प्रश्न राहतोच : पैसे बुडाले तर? पन्नासच्या दशकात यावर जो उपाय रुळला तो मला अतिशय चतुर वाटतो. त्याचे नाव 'झामेलबेश्टेलर', सामूहिक मागणी नोंदवणारी व्यक्ती. वाड्यातल्या, कचेरीतल्या, कारखान्यातल्या एकीने सूचीपत्र मागवून घ्यायचे, शेजारणींच्या व मैत्रिणींच्या मागण्या एकत्र करून पाठवायच्या, आलेला गठ्ठा वाटायचा आणि पैसे गोळा करून पेढीकडे भरायचे. मोबदल्यात तिला दलाली. पेढीचा व्यवहार एका माणसाशी, आणि त्या माणसामागे दहा-बारा घरे.

म्हणजे टपालाने जी ओळख पुसली होती, तीच मागच्या दाराने आत घेतली गेली. हांबुर्गच्या ओट्टोला अमक्या बाईची माहिती नसेल, पण तिच्या शेजारणीला होती. वाण्याची वही आता शेजारणीच्या स्वयंपाकघरात आली, आणि जिने चढताना नजर चुकवण्याची लाजही. एखादीचे पैसे थकले, तर तगादा करायचा कुणी? रोज जिन्यात भेटणाऱ्या त्याच बाईने. आपल्याकडे भिशी चालवणाऱ्या काकूंना हे दुखणे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि हे व्यवहार करणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाच होत्या, तेव्हा त्या बीजकाच्या कायदेशीर बाजूकडेही पाहिले पाहिजे. नागरी संहितेचे कलम १३५७ मूळ रूपात असे होते : घरगुती कामकाजाच्या कक्षेत पत्नी पतीच्या वतीने व्यवहार करू शकते. या अधिकाराला लोकभाषेत 'किल्ल्यांची सत्ता' म्हणत. चादरी मागवणारी ती, देणेकरी ठरणारा तो. आणि पतीला वाटले तर तो हा अधिकार काढूनही घेऊ शकत असे.

स्त्री-पुरुष समानतेचा कायदा १ जुलै १९५८ रोजी अमलात आला. पण घरकामाच्या वाटणीची जुनी चौकट खऱ्या अर्थाने मोडली ती १९७७ मध्ये. कलम १३५७ आज सांगते की घरखर्चाच्या व्यवहाराने पती-पत्नी दोघेही बांधले जातात. म्हणजे त्या रंगीत सूचीपत्रांच्या भरभराटीच्या पंचवीस-तीस वर्षांत, ज्यांच्या विश्वासार्हतेवर अख्खा धंदा उभा होता, त्यांची स्वतःची पत कायद्याच्या लेखी दुय्यम होती. अर्थेतिहासाच्या पुस्तकांत ओट्टो, नेकरमान, शिकेडांझ यांना प्रकरणे मिळतात. गठ्ठे सोडून वाटणाऱ्या त्या बायका तळटीपेत असतात.

बीजकाचा आणखी एक पैलू आहे, जो ग्राहकाला कधीच दिसत नाही : ती मधली मुदत निभावते कोण? कारखानदाराला पैसे आज द्यायचे आहेत आणि ग्राहक देणार महिन्याने, किंवा हप्ते घेतले असतील तर वर्षभराने. लाखो ग्राहकांची अशी येणी साठली की कागदावर पेढी गब्बर असते आणि गल्ल्यात खडखडाट. उपाय म्हणून ही येणी बँकेला विकतात. बँक आपला कसर कापून रोख देते आणि वसुली होताच ती रक्कम ठेवून घेते.

क्वेलेचा शेवट याच सांध्यावर झाला. तिची मूळ कंपनी आर्कान्डोर जून २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. क्वेलेची येणी विकत घेणाऱ्या फालोविस बँकेने हात आखडता घेतला. त्याच वेळी हिवाळ्याचे जाडजूड सूचीपत्र छपाईत होते आणि छापखान्याला द्यायला पैसे नव्हते. अखेर केंद्र सरकार, बव्हेरिया आणि सॅक्सनी यांनी मिळून ५ कोटी युरोंचे कर्ज दिले. सूचीपत्र निघाले. ते शेवटचे ठरले. ऑक्टोबरमध्ये पेढी मोडीत काढण्याचे जाहीर झाले आणि 'क्वेले' हे नाव पुढे विकत घेतले ते ओट्टोने.

क्वेले केवळ यामुळे बुडाली असे म्हणता येणार नाही. इंटरनेटची दिशा तिला उशिरा कळली, आणि मूळ कंपनीच्या चुकांची यादीही मोठी आहे. पण ग्राहकांकडून येणे असलेल्या पैशांच्या राशीवर बसलेली पेढी छपाईच्या बिलासाठी सरकारदारी उभी राहते, हे चित्र बीजकाच्या व्यवहाराचे मर्म सांगते. ग्राहकावरचा विश्वास शाबूत होता. आटला तो बँकेचा पेढीवरचा.

याच सांध्यावर काही वर्षे आधी स्वीडनमध्ये एक नवा धंदा जन्मला होता. स्टॉकहोमच्या अर्थशास्त्र विद्यालयातल्या तीन तरुणांनी, सेबास्टियान शेमियात्कोव्स्की, निकलास आडालबर्थ आणि विक्टर याकोबसन यांनी, २००५ मध्ये 'क्रेडिटोर' नावाची कंपनी काढली. पुढे तिचेच नाव 'क्लार्ना' झाले. कल्पना अशी : ग्राहकाने ऑनलाइन दुकानात बीजकाचा पर्याय निवडला की दुकानाला पैसे आम्ही देऊ, ग्राहक आम्हाला नंतर देईल, बुडाले तर आमचे. दुकानाकडून शुल्क घ्यायचे, उशीर करणाऱ्या ग्राहकाकडून दंड.

येणी विकत घेणे जुनेच होते. नवे हे की प्रत्येक बीजक सुटे, त्याच क्षणी, यंत्राने पारखून विकत घेतले जाणार होते. हे स्वीडनमध्ये सुचावे यात नवल नाही. त्या देशात १९४७ पासून प्रत्येकाला व्यक्तिगत क्रमांक आहे आणि माणसाच्या करपात्र उत्पन्नाची माहिती सार्वजनिक दप्तरात मिळते. ग्राहकाने क्रमांक टाकला की नाव, पत्ता, उत्पन्न, जुनी थकबाकी, सारे काही क्षणांत समोर. शेजारणीला वर्षानुवर्षांच्या सहवासातून जे कळे, ते आता परक्या यंत्राला डोळ्याचे पाते लवण्याआधी कळू लागले.

जर्मनीत हे सारे आयते रुजले, कारण तिथे जमीन ओट्टोच्या पिढीने नांगरून ठेवली होती. ओट्टो १९९५ मध्येच इंटरनेटवर आला होता. २००८ मध्ये बर्लिनला 'झालांडो' सुरू झाले तेव्हा तेही बुटांनीच. बीजकावर मागवा, घालून पाहा, आवडेल ते ठेवा. झालांडोच्या मालापैकी निम्म्याच्या आसपास परत येतो, हे कंपनीने स्वतःच सांगितलेले आहे. ज्याचे पैसे अजून दिलेलेच नाहीत, ते परत करताना मन कशाला अडखळेल! क्रेडिट कार्डाविषयी जर्मन माणूस नाखूश असतो असे म्हणतात. पण त्याला कार्डाची गरज का भासली नाही, याचे एक उत्तर १९५० च्या त्या तीनशे प्रतींत आहे.

आणि पत नाकारली जाते तेव्हा? वाण्याने उधार बंद केली तर कारण तोंडावर कळे. भांडता येई, हातापाया पडता येई. आता पैसे देण्याच्या पानावर तो पर्याय दिसत नाही, इतकेच. पुण्याहून आखनला किंवा म्युनिकला शिकायला गेलेल्या मुलामुलींना हा अनुभव सुरुवातीला येऊ शकतो. त्यांची नोंद वाईट असते म्हणून नव्हे. नोंदच नसते म्हणून. नव्या गावात आलेल्या निर्वासिताची जी अडचण १९५० मध्ये होती, तीच निराळ्या वेषात.

स्वीडनमध्ये दुसरे टोक दिसते. न भरलेले बीजक वसुलीच्या सरकारी खात्याकडे, 'क्रूनोफोग्देन'कडे, जाऊ शकते आणि माणसाच्या नावापुढे थकबाकीचा शेरा पडतो. तो तीन वर्षे राहतो. त्या काळात भाड्याचे घर मिळणे कठीण, कर्ज तर दूरच. एका विसरलेल्या स्वेटराची किंमत अशी वाढत जाऊ शकते. म्हणूनच १ जुलै २०२० पासून स्वीडिश कायद्याने ऑनलाइन दुकानांना बजावले की ज्या पर्यायात कर्ज होत नाही, तो आधी दाखवा. उधारीचा पर्याय आपोआप निवडलेला असता कामा नये.

जर्मनीतही प्रश्न न्यायालयात गेला. एका स्त्रीला शूफाच्या गुणांकनामुळे कर्ज नाकारले गेले. तिने गुणांक कसा काढला ते विचारले. शूफाने ढोबळ रूपरेषा सांगितली आणि बाकीचे धंद्याचे गुपित म्हणून राखून ठेवले. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचले. ७ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने निकाल दिला की कर्ज द्यायचे की नाही हे मुख्यतः त्या गुणांकावरून ठरत असेल, तर गुणांक काढणे हाच माणसाविषयीचा यंत्रकृत निर्णय होय, आणि तो तत्त्वतः निषिद्ध आहे. अपवाद कायद्याने घालून दिलेल्या अटींवरच. शहाण्णव वर्षांपूर्वी विजेच्या बिलांवरून बांधलेल्या अंदाजाला प्रथमच असा प्रश्न विचारला गेला असावा.

त्याच वर्षी युरोपीय संघाने ग्राहककर्जाचा नवा निर्देश संमत केला. बीजकाच्या इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातले एक पोटकलम अगदी बारकाईने वाचावेसे वाटेल. विक्रेत्याने स्वतःच, तिसऱ्या कुणाला मध्ये न घेता, बिनव्याजी, ५० दिवसांच्या आतली मुदत दिली असेल तर ते या कायद्याच्या कक्षेतले कर्ज नव्हे. वेर्नर ओट्टोचे बीजक त्यातून सुटले असते. क्लार्नाचे सुटत नाही, कारण तिथे तिसरा आला.

आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्या मोठ्या पेढ्यांसाठी ही ५० दिवसांची मुदत १४ वर आणली आहे. त्यापुढे सवलत द्यायची तर व्याज नसले तरी ग्राहकाची ऐपत आधी तपासावी लागेल. अंमलाची तारीख २० नोव्हेंबर २०२६. हांबुर्गच्या ओट्टोने आपले छापील मुख्य सूचीपत्र २०१८ च्या डिसेंबरात शेवटचे काढले. पेढी आज जवळपास पूर्णपणे ऑनलाइन चालते, आणि १४ दिवसांचे बंधन ज्या मोठ्यांसाठी आहे त्यांत तिचीही गणना होते.